बिडीचे डोहाळे

गरोदर बाईला काय खावंसं वाटतं हे सांगायची आमच्याकडे लाज नसते. उलट बायाच विचारून विचारून जीव खातात. कोणाला चिंच लागते, कोणाला कवठ. माझ्या एका चुलत जावेला भाजकी माती लागायची. चुलीच्या कडेचे पोपडे काढून ती खायची आणि गावभर तिचं कौतुक व्हायचं. मला बिडी लागली. आता बोला!

हे लिहितानाही माझे कान गरम होतात. पोरीला शाळेत सोडून आले, दार लावून घेतलं, मग लिहायला बसले. घरात कोणी नाही तरी दार लावलं. एवढी लाज आहे अजून.

माझं माहेर गोंदिया जिल्ह्यात, सालेकशाकडे, जंगलाला लागून. माझी माय बिड्या वळायची. ठेकेदाराकडून तेंदूचा पत्ता आणि तंबाखू यायचा, मायच्या मांडीवर सूप असायचं आणि सुपात सगळा संसार. मी शाळेतून आले की दप्तर भिरकावून तिच्या बाजूला बसायची. ती वळायची, दोरा बांधायची, मी बिडीचं तोंड मुडपायची. आमच्या घरात ओढणारं कोणी नव्हतं, पण पांघरुणापासून पोळीपर्यंत सगळ्याला तंबाखूचा वास. शाळेतल्या पोरी नाक दाबायच्या. मला तो वास येतच नव्हता, कारण मी त्यातच वाढले. माझ्या लग्नाच्या आधीच माय गेली. मागे बाप आणि भाऊ उरले, घरात बाईमाणूस नाही. म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत असली तरी माझं सासरी करायचं ठरलं.

सासर कोहमाऱ्याजवळच्या एका गावात. सासरे नव्हते. सासू, नवरा आणि मी. नवऱ्याचं हायवेवर, कोहमाऱ्याच्या फाट्याला पंक्चरचं दुकान. सासूला मी आई म्हणायची. बाई कडक, ताठ. गावचा तलाव आमच्या घरच्या जुन्या लोकांनी बांधला, हे ती नव्या माणसाला पहिल्या भेटीतच ऐकवायची, आणि दुसरं वाक्य ठरलेलं: "आमच्या घरात कोणाले व्यसन नाही." हे सांगताना तिच्या बोटाला गुडाखू लागलेला असायचा, तो गुळात मळलेला तंबाखू असतो. सकाळ-संध्याकाळ हिरड्यांवर घासल्याशिवाय तिचा दिवस सरायचा नाही. नवऱ्याच्या गालात कायम खर्रा, म्हणजे सुपारीत घोटलेला तंबाखू. पण गुडाखू म्हणजे दात घासणं, खर्रा म्हणजे सुपारी. व्यसन म्हणजे दारू आणि बिडी. असा हिशोब आमच्याकडे सगळ्याच घरांत आहे, आमचंच घर जगावेगळं नव्हतं.

दिवस गेले आणि मला उलट्या सुरू झाल्या. पाणी ठरत नव्हतं. भाताचं आधण ठेवलं की पोट ढवळायचं. सासू रोज विचारायची, "काय खावासा वाटते व? सांग ना." मला काहीच खावंसं वाटत नव्हतं. अशात एक दिवस मी नवऱ्याचा डबा घेऊन दुकानावर गेले. बाजूला ढाबा, ढाब्यापुढे खाटा. एका खाटेवर ट्रकवाला पाय पसरून बसला होता. त्याने बिडी पेटवली, वाऱ्याने धूर माझ्या तोंडावर आला, आणि काय सांगू, पोटातलं ढवळणं एकदम थांबलं. तोंडाला पाणी सुटलं. मी तिथेच टायरवर बसले आणि नवऱ्याच्या डब्यातल्या भाकरी आणि वांग्याची भाजी पुसून खाल्ली. नवरा हसायला लागला. म्हणाला, "अव, माहा डबा होता ना तो!"

मग मी रोज डबा न्यायला लागले. उन्हातान्हात पोट घेऊन चालत जायची. गावातल्या बाया एकमेकींना कोपर मारायच्या, नवऱ्याशिवाय करमत नाही हिले म्हणायच्या. नवऱ्याचा डावा कान लहानपणापासून वाहायचा, त्याने ऐकू कमी यायचं, म्हणून तो सगळं मोठ्यानेच बोलायचा. "माही बायको आली!" असं तो फाट्यावरच्या सगळ्या लोकांना ओरडून सांगायचा. इतका खूश. आणि मी मेली खाली मान घालून ढाब्याकडे बघायची, आज कोणी पेटवतो का म्हणून.

एखाद्या दिवशी खाटा रिकाम्या असायच्या. मग काय करू? नवरा ट्रकखाली शिरला की मी खाटांजवळून चक्कर मारायची आणि विझलेली थोटकं उचलून पदराच्या टोकाला बांधायची. घरी आल्यावर परसात, कपडे वाळत घालायच्या दोरीमागे उभं राहून हुंगायची. कोणाचं तोंड लागलं, कोणाची थुंकी, हे माहीत असून. मला स्वतःचीच किळस यायची आणि हात पुन्हा पदराच्या गाठीकडे जायचा.

एक दिवस नुसतं हुंगून भागलं नाही, थोटूक तोंडात टाकलं. कडू रस घशात उतरला आणि मागून सासूचा आवाज आला, "काय आहे व तोंडात?"

मी तोंड घट्ट मिटलं. माती खाणाऱ्या पोराचं उघडतात तसं तिने माझं तोंड गालाला दाबून उघडलं, बोट घातलं आणि थोटूक बाहेर काढलं. हातावर घेऊन बघत राहिली. मला वाटलं धरणीने पोटात घ्यावं. आता हाकलणार, आता अख्ख्या गावाला सांगणार की ही कोणत्या घरची पोट्टी आणली. मी रडत रडत सगळं सांगून टाकलं. ट्रकवाला, डबा, थोटकं, सगळं.

सासू धुण्याच्या दगडावर टेकली. मग म्हणाली, "मंग आतापर्यंत सांगितलं काऊन नाही? मी इकडं आवळे आणून राहिली, चिंचा आणून राहिली!"

मी रडायची थांबले आणि पदराने तोंड पुसलं.

"डोहाळा लपवाचा नसते, बाई. डोहाळा मारला का लेकराचा कान वाहते. तुले नाही पाहिजे ते, तुह्या पोटातला पोट्टा मागून राहिला. त्याले काय समजते बिडी काय अन् बेसन काय?"

असं म्हणून उठली आणि दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याला जाऊन बिडीचा कट्टा, म्हणजे बंडल, घेऊन आली. नवऱ्याच्या दुकानाकडून नाही, फाट्याच्या पलीकडच्या पानठेल्यावरून. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून. ठेलेवाला हिंदीत म्हणाला, "अम्मा, किसके लिए?" तर ही म्हणाली, "मेहमान आया है." हे तिने मला घरी येऊन सांगितलं तेव्हा आम्ही दोघी तोंडावर पदर दाबून हसलो. त्या घरात आम्ही दोघी मिळून हसण्याची ती पहिली वेळ.

कट्ट्यावर ते सडलेल्या तोंडाचं चित्र असतं. ते तिने सोलून चुलीत घातलं. गरोदर बाईने वाईट चित्र बघू नये, लेकरू तसं होतं, असा तिचा कटाक्ष. माझ्या खाटेसमोर तिने गुबगुबीत बाळाचं कॅलेंडर टांगलं होतं. म्हणजे मी बाळाच्या चित्राकडे बघायचं आणि बिडी ओढायची.

दुपारी नवरा दुकानावर असताना आम्ही ढोरांच्या कोठ्यात जायचो. सासू चुलीतला निखारा चिमट्यात धरून आणायची, बिडी स्वतःच्या तोंडात धरून पेटवायची, खोकायची, शिव्या घालायची आणि मग माझ्या हातात द्यायची. वास लपावा म्हणून बाजूला गोवरी धुमसत ठेवायची. पहिल्या झुरक्याला माझं डोकं गरगरलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग एकदम माय आली. तिचा पदर, तिच्या पिवळ्या झालेल्या बोटांच्या चिमटी, सगळं आलं. मी भिंतीला टेकून रडले. सासूला वाटलं धूर लागला. ती पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होऊ दे पोरी, हळूहळू."

खरं सांगते, त्या घरात मी सगळ्यात सुखात त्या कोठ्यात होते. सासू दारात झाडू घेऊन उभी, मी आत गोणपाटावर. ती तिच्या तरुणपणाच्या गोष्टी सांगायची. बाहेर कडक बोलणारी बाई आत आली की पोरीसारखी व्हायची. उलट्या थांबल्या होत्या, मी जेवत होते. चित्र सोललं तरी मला ते माहीत होतं. मी बारावी शिकलेली, बिडीच्या घरात वाढलेली. बिडी पोटातल्या लेकराला चांगली नाही, एवढं न कळायला मी काय कुकुलं बाळ होते? पण मोठं माणूस स्वतःच्या हाताने पेटवून देतं म्हटल्यावर मी डोकं बाजूला काढून ठेवलं. पोट्टा मागते, पोट्टा मागते, असं मीही मनात म्हणायला शिकले.

महिन्यातून एकदा अंगणवाडीत सिस्टर यायची. गरोदर बायांची तपासणी तिथेच व्हायची, सगळ्या बाया चटईवर बसलेल्या, बोलणं सगळ्यांसमोर. सिस्टर प्रत्येकीला विचारायची, बिडी, तंबाखू, दारू काही घेता का? माझ्या आधी जंगलाकडच्या टोल्यावरची, म्हणजे वाडीवरची, एक बाई होती. तिने सरळ सांगितलं की देवाच्या कार्यात मोहाची घोटभर घेतली, सगळ्यांनीच घेतली. चटईवर खसखस पिकली. माझी सासू तर तोंड फिरवून म्हणाली, "पाहा बाप्पा!" सिस्टरने त्या बाईला नीट समजावलं, की बाळ होईपर्यंत थेंबही नको. ती बाई म्हणाली, "बरं, नाही घेत." संपलं. तिला लाज नव्हती वाटली, कारण तिने काही लपवलं नव्हतं.

मग माझा नंबर. सिस्टरने विचारलं आणि माझ्याऐवजी सासूच बोलली, "नाही व बाई! आमच्या घरात?"

ती खोटं बोलत नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. तिच्या लेखी मी बिडी ओढत नव्हतेच. माझा डोहाळा पुरवला जात होता, बस. खोटं मी बोलत होते, तोंड न उघडता.

सातव्या महिन्यात सिस्टरने पोटावर टेप लावला. पुन्हा लावला. म्हणाली, "पोट वाढून नाही राहिलं. बाळ बारीक वाटते." जेवण विचारलं, आराम विचारला, पुन्हा तेच विचारलं, बिडी-तंबाखू? सासू पुन्हा नाही म्हणाली. मी चटईच्या काड्या मोजत बसले. सिस्टरने गोंदियाला जाऊन सोनोग्राफी करायला सांगितलं आणि खायला वाढवा म्हणाली.

सासूच्या डोक्यात काय चाललं आहे ते मला वाटेत कळलं नाही, दुपारी कोठ्यात कळलं. तिने एक बिडी दिली, ती संपली आणि तिने लगेच दुसरी पेटवली.

मी म्हणाले, "एकच बस आहे, आई."

"पुरत नसन त्याले," ती म्हणाली. "म्हणून वाढून नाही राहिला. मनातल्या मनात झुरते लेकरू. घे."

बाळ वाढत नाही म्हणून ही मला आणखी बिडी देते आहे. आणि तिला असं का वाटणार नाही? मी कधी तोंड उघडलं होतं?

"नोको," मी म्हणाले. "आई, त्यानंच तर नसन वाढून राहिलं?"

ती भडकली. अशी भडकली की बांधलेली गायसुद्धा बिचकली. "लाज वाटते ना तुले? मलेही वाटली होती! माहा पोरगा पाहते ना तू? कान पाहते ना त्याचा? लोकं भयरा म्हणते त्याले. कोणामुळं? माह्यामुळं!"

मग तिने सांगितलं ते तिने आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. माझा नवरा तिच्या पोटात असताना गावाबाहेर कोणीतरी मोहाची दारू गाळायचं. संध्याकाळी वारा आला की वास यायचा आणि तिचा जीव कासावीस व्हायचा. एक घोट, फक्त एक घोट. पण तलाव बांधणाऱ्या घरची सून, दारू मागणार कशी? तिने दात आवळून दिवस काढले. बाळ झालं आणि काही महिन्यांत कान वाहायला लागला. तेव्हापासून ती बाई पोराच्या कानातला बोळा रोज बदलत आली होती, लग्नानंतरही, आणि दर वेळी मनात म्हणत आली होती, मी केलं हे.

"मी लाज धरली अन् पोराचा कान गेला," ती रडत म्हणाली. "तू नोको धरू, पोरी. तुह्या पाया पडते."

आणि खरंच वाकली. मी तिचे हात धरले. दुसरी बिडी घेतली. ओढली.

त्या दुपारी बाळ हललं नाही. जेवणानंतर ते रोज लाथा मारायचं, त्या दिवशी काहीच नाही. मी डाव्या कुशीवर झोपले, गूळ खाल्ला, पाणी प्यायले, पोटावर थापट्या मारल्या. सासू परसात भांडी घासत होती, तिला काही बोलले नाही. कॅलेंडरवरचं ते गुबगुबीत पोर माझ्याकडे बघून हसत होतं, मी उठून त्याचं तोंड भिंतीकडे केलं. देवाला काय काय बोलले ते सांगत नाही. ऊन उतरलं तेव्हा कुठे उजव्या बाजूला एक हलकीशी हालचाल झाली. लाथ नाही, नुसती कूस बदलल्यासारखी. मी तोंडात पदर कोंबून रडले आणि ठरवलं, आता झाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात सिस्टरचं उपकेंद्र होतं, तिथे मी सासूला घेऊन गेले. सासूला बाळ कमी हलतं एवढंच सांगितलं. उपकेंद्रात बाया होत्या, आमच्या गावच्याही होत्या. एकटीत सांगावं असं मनात होतं, पण तिथे एकच खोली. काल दुपारी हललं नव्हतं म्हटल्यावर सिस्टरने ठोके ऐकले, ठोके होते. मग तिने विचारलं, "खरं सांगा, काही घेता का?"

सासूने तोंड उघडलं. "नाही व..."

"हव," मी म्हणाले. "बिडी. रोज."

कोणीतरी "अव माय!" म्हणालं. मी सिस्टरकडे बघत होते, दुसरीकडे बघायची हिंमत नव्हती. चेहरा असा तापला की वाटलं कातडी निघते. पहिल्यांदा सासूच बोलली, तीही माझ्या बाजूने. तरातरा पुढे आली आणि सगळ्या बायांना ऐकवलं, "डोहाळा आहे तिचा! ते नाही मागत, पोट्टा मागते! मी आणून देते, मी! कोणाले काय म्हणाचं ते मले म्हणा!"

सिस्टर ओरडेल असं मला वाटलं होतं. ओरडली नाही. तिने सासूला स्टुलावर बसवलं. म्हणाली, "आजी, पोट्टा नाही मागत. बिडीच्या धुरानं त्याच्यापर्यंत हवा कमी पोचते, खाणं कमी पोचते. म्हणून बारीक आहे तो. काल हलला नाही ना? आता एकही द्यायची नाही."

सासूने अगदी हळू विचारलं, "मंग माह्या पोराचा कान? म्या तर डोहाळा मारला होता."

"डोहाळ्यानं कान नाही वाहत, आजी. सर्दी झाली, कानात पू झाला, तेव्हा औषध झालं नसन. खूप लेकरांचं होते असं. तुम्ही काही नाही केलं."

दुसरी कोणी असती तर हे ऐकून सुटल्यासारखी झाली असती. तिच्याकडे बघवत नव्हतं. जे तिने केलं नव्हतं त्याचं ओझं ती पोराच्या जन्मापासून वाहत होती, ते काढून घेतलं त्याच मिनिटाला जे खरंच तिच्या हातून झालं ते तिच्या पदरात पडलं. आणि ते मी टाकलं. मी पहिल्याच तपासणीला तोंड उघडलं असतं तर? घरी जाताना ती पुढे आणि मी मागे. घरी गेल्यावर तिने उरलेला कट्टा शेणात कालवला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. नवरा तणतणत आला आणि गालात खर्रा तसाच ठेवून माझ्यावर ओरडला, "बिडी? बाईमाणूस होऊन बिडी? पोटात लेकरू असताना तंबाखू?" लाल पिचकारी अंगणात टाकून पुन्हा ओरडला. मला इतकी लाज वाटत होती की हसूही आलं नाही. सासू मधे पडली, म्हणाली, तिले काही म्हणू नोको, म्या दिली. तो दोन दिवस जेवला नाही घरी. डबा न्यायचा प्रश्नच नव्हता.

बिडी सुटली, पण सोपी नाही सुटली. दुपार झाली की डोकं ठणकायचं. गावातल्या बायांनी नावं ठेवली ती वेगळीच. पाणी भरायला गेले की कोणीतरी खोकल्याचं सोंग करायचं. दुपारच्या त्या वेळेला सासू माझ्याजवळ येऊन बसायची, कोठ्यात नाही, ओसरीवर. तांदूळ निवडायचे म्हणून सूप घेऊन यायची. पूर्वीसारख्या गोष्टी मात्र सांगायची नाही. माझ्याकडे बघायचीही नाही. पुढच्या तपासणीला टेप थोडा सरकला होता, ते सिस्टरने तिला मुद्दाम सांगितलं, तर नुसती मान हलवली.

पोरगी दिवसांच्या आधीच झाली, गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात. एवढीशी. रडली ती मांजरीच्या पिलासारखी. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टरबाईंना मी सगळं सांगितलं, आता लपवायचं काही उरलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, बिडीनेही होतं, दुसऱ्या कारणांनीही होतं, तुमच्या बाबतीत नेमकं कशाने ते सांगता येत नाही. मी पुढे विचारलं नाही. मला माझं उत्तर माहीत होतं.

नवरा पेटीच्या काचेला नाक लावून उभा राहायचा आणि मोठ्याने पोरीला हाका मारायचा, सिस्टर लोक त्याला हाकलायचे. सासू आत येतच नव्हती. वऱ्हांड्यात सतरंजीवर बसून असायची. मला पेज आणून द्यायची, कपडे धुवायची, आणि मधूनच नळाशी जाऊन हात घासत उभी राहायची. घरून राख आणली होती पुडीत. राखेने घासायची, नाकाशी न्यायची, पुन्हा घासायची. बोटांची सालं निघाली होती. पोरीला पेटीतून काढून माझ्याजवळ दिली त्या दिवशी बाकीच्या बायांच्या सासवा नातवंडं घेऊन मिरवत होत्या. माझी सासू खाटेपासून हातभर दूर उभी.

"घ्या ना, आई," मी म्हणाले.

"नोको. हाताले वास आहे."

"काही वास नाही. किती धुतले!"

"आहे. तुले नाही येत, मले येते." मग खाली बघून म्हणाली, "तू नोको म्हणत होती. तुह्या पाया पडून दिली म्या."

माझ्या छातीवर ती एवढीशी पोरगी श्वास घेत होती. मला वाटलं, आता गप्प बसले तर ही बाई हेही आयुष्यभर वाहील, त्या कानासारखं.

"आई, ते एका दिवशीचं. त्याआधी रोज दुपारी कोठ्यात जाची वाट कोण पाहत होतं? पोट्टीनं नाही मागितली. तुम्ही म्हणत होत्या पोट्टा मागते, मी ऐकून घेत होते, मले बरं वाटत होतं. म्या मागितली, आई. मलेच पाहिजे होती."

आजूबाजूच्या खाटांवरच्या बाया ऐकत होत्या. ऐकू देत म्हटलं. सासूने कितीतरी दिवसांनी माझ्या डोळ्यांत बघितलं. शिवी देईल, थोबाडीत मारेल असं वाटलं, आणि तिने मारलं असतं तर मला बरंच वाटलं असतं. तिने नाक पुसलं, खाटेच्या कडेला बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"आण."

मी पोरीला दिलं. तिने तिला कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांवर घेतलं आणि तळवे बाहेरच्या बाजूला उघडे ठेवले, बोटं ताणून, पोरीच्या अंगाला कुठे लागू नयेत असे. पोरीने तोंड वेडंवाकडं केलं. सासू तिच्या कानाशी वाकली.

"रडू नोको व माय," ती म्हणाली. "हात नाही लावत तुले. वास जाऊ दे आधी."